तळाला लागलेली काठी

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी पेट्रोल पंपावरच्या काकांनी, ज्यांना सगळे मिलिमीटर म्हणत, जमिनीखालच्या टाकीच्या तोंडावरचं लोखंडी झाकण उचललं, उलटं करून बाजूला ठेवलं आणि काठीच्या टोकाला बोटभर पेस्ट फासली. पाणी लागलं की ही पेस्ट रंग बदलते. पेट्रोलच्या खाली पाणी साचलं आहे का, ते त्यावरून कळतं. आज शेजारी वास्तुतज्ज्ञ बाई उकिडव्या बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, हातात केसाळ टोपी घातलेला माईक.

"काका, नेहमीसारखंच करा हं. मी इथे नाहीच असं समजा."

"तसं समजलो तर झाकण तुमच्या पायावर ठेवीन," मिलिमीटर म्हणाले. बाईंनी पाय मागे घेतला.

साडेतीन मीटरची काठी नळीतून खाली जाऊ लागली. शेवटची वीतभर उरली तेव्हा मिलिमीटरनी ती हातातून सोडून दिली. टण्ण. उचलली, पुन्हा सोडली. टण्ण. तिसऱ्यांदा सोडली, वर काढली, ओल्या रेषेवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि आकडा वाचला. एक हजार एकशे चार.

"छान! पण मागून बस गेली," बाई म्हणाल्या. "परत?"

मग दूधवाल्याची गाडी गेली. मग समोरच्या न्हाव्याने शटर वर केलं. मग बाईंनाच शिंक आली. असं करत त्या सकाळी अकरा वेळा तीन-तीन ठोके झाले. बाराव्या वेळेची गरज पडली नाही, आवाज स्वच्छ आला होता.

टाकीत किती माल आहे ते काठीने मोजणं, याला या धंद्यात डिप घेणं म्हणतात. जगभरच्या पंपांवर ते गुपचूप होतं. या पंपावर ते ऐकू यायचं, आणि म्हणूनच बाई माईक घेऊन आल्या होत्या.

पंप अडुसष्ट वर्षांचा होता. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एकाच खांबावर तोललेलं गोल काँक्रीटचं छत, खालून पाहिलं तर उपड्या बशीसारखं. छताखाली गोलाकार काचेचं ऑफिस, दारावर घड्याळ, आणि दोन यंत्रं, ज्यांच्यातले आकडे अजून फिरत्या चक्रांवर वर सरकायचे. ऑफिसच्या पाठीला लागून दोन खोल्या. त्यांत मिलिमीटर आणि त्यांची बायको तीस वर्षं राहत होते. बायको शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. गणवेशांना पेट्रोलचा वास येतो अशी शाळेची तक्रार होती, म्हणून ती शिवलेले कपडे दोन दिवस बहिणीच्या गॅलरीत वाळत घालायची आणि मगच पाठवायची.

पंपाचा मालक आता थोरल्या मालकांचा मुलगा होता. सगळे त्याला धाकटे मालक म्हणत, जरी त्याचेच केस पिकले होते. त्याला जागा विकायची होती. सात मजले बांधणारा एक जण तयारही होता. आडवी आली ती नगरपालिकेची जतन समिती. या घडणीचा पंप शहरात एकच उरलाय, तो जतन यादीत घालावा, असा प्रस्ताव वास्तुतज्ज्ञ बाईंनी मांडला होता. यादीत नाव आलं की पाडता येत नाही. प्रस्तावाच्या शेवटी एक ओळ होती: पंपावरचा जुना कर्मचारी राखणदार म्हणून राहील आणि मागच्या दोन खोल्या त्याच्याकडे हयातभर असतील.

ती ओळ बायकोने तीनदा वाचून घेतली होती. "हयातभर म्हणजे कुणाच्या? तुमच्या की माझ्या?"

"दोघांतलं जे लांब असेल ते."

"लिहून घ्या तसं. तुमचं काही खरं नाही."

मिलिमीटरनी लिहून घेतलं.

मिलिमीटर हे नाव टॅक्सीवाल्यांनी ठेवलं होतं. मिलिमीटर चोविसाव्या वर्षी इथे लागले. पहिल्याच आठवड्यात एका टॅक्सीवाल्याने पाच लिटरला माप कमी भरलं म्हणून गोंधळ घातला. मिलिमीटरनी पाच लिटरचं तांब्याचं माप आणलं, त्याच्या देखत भरलं आणि म्हणाले, "तुमचे पंधरा मिलिलिटर जास्तच गेलेत. काढून घेऊ का?" माप लिटरचं असलं तरी नाव मात्र लांबीचं चिकटलं, कारण ते रोज काठी घेऊन दिसायचे. नंतर टॅक्सीवाले मुद्दाम विचारायचे, "काय मिलिमीटर, सापडला का तळ?" ते म्हणायचे, "तळ आहे जागेवर. तुझं मीटर बघ."

ठोक्यांची गोष्ट त्यांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सुरू झाली. तोवर थोरले मालक रोज स्वतः काठीजवळ उभे राहायचे. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. लोक म्हणत, हा माणूस आरशातल्या माणसालाही पावती मागेल. मग त्यांचे गुडघे गेले. ते काचेमागच्या खुर्चीत बसले ते बसलेच. खुर्चीतून काठी दिसत नव्हती, मध्ये खांब यायचा.

"मला दिसलं नाही तरी ऐकू आलं पाहिजे," त्यांनी सांगितलं. "काठी खरंच तळाला लागली, का तू वरच्या वर ओली करून आकडा सांगतोस, मला कसं कळणार? आपट. तीनदा. मी मोजीन."

मिलिमीटरना जुन्या माणसाने शिकवलं होतं, की शेवटची वीतभर हळू सोडायची, काठी टेकली पाहिजे, आदळता कामा नये. पण मालक सांगतोय म्हटल्यावर त्यांनी आपटली. पहिल्या दिवशी अपमान वाटला. पुढे त्याची सवय झाली, आणि आणखी पुढे त्याचा अभिमान वाटू लागला. समोरचा न्हावी ठोके ऐकून दुकान उघडायचा. त्याच्या वरच्या मजल्यावरची एक शिक्षिका म्हणायची, घड्याळ बंद पडलं तरी चालेल, काका आजारी पडायला नकोत. काठीच्या टोकाला पितळेचा बूट होता, पितळेची ठिणगी उडत नाही म्हणून. आपटून आपटून तो झिजायचा. दर महिन्याच्या एक तारखेला मिलिमीटर काठी पोलादी पट्टीशी ताडून बघत आणि एका मिलिमीटरचा फरक दिसला की लेथवाल्याकडून नवा बूट करून घेत. बत्तीस वर्षांत चौदा बूट झाले. झिजलेले त्यांनी एका डब्यात जपून ठेवले होते. तो डबा त्यांनी बाईंना दिला. बाईंनी बूट मखमलीवर ओळीने मांडले आणि खाली पाटी लावली: प्रामाणिक मोजणीची झीज.

काठी झिजते, हे मिलिमीटरना ठाऊक होतं. काठी ज्याच्यावर आपटते त्याचं काय होतं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं म्हणता येणार नाही. एकदा तो त्यांच्या दारात चालत आला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी टाकी साफ करायला रिकामी केली होती. तेल कंपनीचा मेकॅनिक पिशवीतून तळहाताएवढी पोलादी चकती घेऊन आला. नळीच्या बरोबर खाली, तळावर ती चिकटवायची होती. काठी चकतीवर टेकेल, तळ शाबूत राहील.

"जाडी किती?" मिलिमीटरनी विचारलं.

"सहा मिलिमीटर फक्त."

"फक्त? अर्ध्या टाकीला सहा मिलिमीटर म्हणजे अठ्ठेचाळीस लिटर. रोज अठ्ठेचाळीस लिटर खोटं लिहू का मी?"

"अहो, मग काठी सहाने कापून घ्या."

"काठीवर वजनमाप खात्याचा शिक्का आहे. शिक्क्याची काठी कापत नाहीत."

"मग वाचताना सहा मिळवा."

"वाचायचं एक आणि लिहायचं दुसरं?"

मेकॅनिकने आत बघितलं. काचेमागून थोरले मालक म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. मला तळ म्हणजे तळ पाहिजे." मेकॅनिकने भेटीच्या वहीत लिहिलं, 'चकती बसवू दिली नाही', आणि मिलिमीटरची सही घेतली. सही सुवाच्य होती.

सहा वर्षांपूर्वी थोरले मालक गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मिलिमीटरनी काठी तीनदा आपटली. खुर्ची रिकामी होती. आता ऐकायला कुणी नाही हे त्यांना समोर दिसत होतं. तरी त्यांनी पुढच्या दिवशीही आपटली, आणि त्याच्या पुढच्याही.

समितीत प्रस्ताव चांगला चालला होता. ठोक्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून अध्यक्षांनी डोळे मिटले आणि 'जिवंत परंपरा' असा शब्द वापरला. फक्त एक तांत्रिक गोष्ट बाकी होती. छताचा खांब आणि पाया अजून किती वर्षं टिकेल, याचा दाखला. त्यासाठी बाईंनी ऑफिसच्या भिंतीलगत एक बोअर घ्यायला लावला.

तीन मीटरवर पाणी लागलं. पाण्यावर रंगीत तवंग होता. बोअरवाल्याने हात नाकाशी नेला, आधी सिगारेट विझवली, मग ओरडला.

मिलिमीटर तिथेच उभे होते. तूट त्यांना माहीत होती. गेली काही वर्षं दिवसाला चार लिटर, सहा लिटर, उन्हाळ्यात नऊ. त्यांनी ती रोज जशीच्या तशी लिहिली होती आणि धाकट्या मालकांना दोनदा दाखवलीही होती. "काका, पेट्रोल आहे ते, उडणारच," धाकटे मालक म्हणाले होते. नियमात जेवढं उडायला परवानगी होती, त्याच्या ते आतच होतं. त्यामुळे मिलिमीटरही गप्प बसले होते.

टाकी रिकामी केली गेली. आठवड्याने सरकारी तपासनीस कॅमेरा घेऊन आला. मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या खिशात पेन एकच, पण टोपण असलेलं. कॅमेरा खाली सोडण्याआधी बाईंनी मिलिमीटरना ऑफिसच्या आडोशाला नेलं.

"काका, नीट ऐका. गळती जुनेपणामुळे झाली असं अहवालात आलं, तर जुन्या टाक्यांच्या सफाईसाठीच्या सरकारी निधीतून काम होतं. मग इमारतीला टेकू देऊन खालची माती हळूहळू काढता येते. वेळ लागेल, पण इमारत वाचेल. खोल्याही."

"आणि जुनेपणामुळे झाली नसेल तर?"

"म्हणजे कुणाची चूक निघाली तर निधी नाही. मग सफाई मालकाने करायची. ते काय करतील ते तुम्हाला माहीत आहे. सगळं खणून काढतील."

खिडकीतून बायको ऐकत होती. तिने सुईत दोरा ओवायचं थांबवलं होतं.

कॅमेरा उतरला. लहानशा पडद्यावर तपकिरी, खवलेदार तळ दिसला. दिवा फिरत फिरत नळीच्या खाली आला आणि तिथे एक गोल खळगा दिसला, आतून चकचकीत, वाटीसारखा. वाटीच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता.

"काठीचा बूट किती रुंद?" तपासनीसाने विचारलं.

"पंचवीस मिलिमीटर."

"मोजून सांगा."

"मोजलेलंच सांगतोय."

तपासनीसाने पडद्यावर एक रेघ ओढली आणि मान हलवली. "खळगा सव्वीस. बरोबर." मग, कुणी विचारलं नसताना, तो समजावून सांगू लागला. बहुतेक तेवढंच त्याला आवडत असावं. "लोखंडाला गंज चढतो तो खपलीसारखा. खपली राहू दिली तर आतलं टिकतं. रोज खपली काढली तर रोज नवं लोखंड उघडं पडतं. तळाशी थोडं पाणी असतंच. म्हणून काठी टेकवायची असते. इथे ती आपटलेली दिसते."

"किती वर्षांपासून गळतंय?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"आरपार जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्याआधी पत्रा पातळ होता, पण धरून होता. हात लावला नसता तर अजून बरीच वर्षं गेली असती."

मिलिमीटरनी मनात हिशेब केला. तो आपोआपच झाला. बत्तीस वर्षं, रोज तीन. पस्तीस हजार चाळीस, लीप वर्षं सोडून. त्यांतले शेवटचे साडेसहा हजार, थोरले मालक गेल्यानंतरचे. पत्रा फुटला तो त्या साडेसहा हजारांत. आणि ध्वनिमुद्रणाचे तेहतीस. तेव्हा भोक आधीच पडलेलं होतं.

तपासनीसाने फॉर्म काढला. "नळीखाली चकती नाही. कधी कुणी सुचवली नव्हती?"

"बाबांच्या काळातलं मला काय माहीत," धाकटे मालक म्हणाले. ते खरंच होतं.

"प्रस्तावासाठी नेलेल्या जुन्या भेटीच्या वह्या माझ्याकडे आहेत, पण त्या अजून लावायच्या आहेत," बाई घाईने म्हणाल्या. त्यांचं लक्ष मिलिमीटरकडे होतं. ती वही त्यांनी वाचली होती.

"मग मी 'माहिती उपलब्ध नाही' लिहितो. जुनी टाकी आहे, जुनेपणात धरता येईल." तपासनीसाने पेनचं टोपण काढलं.

मिलिमीटर म्हणाले, "आला होता माणूस. एकोणीस वर्षं झाली. चकती घेऊन आला होता. मी परत पाठवला."

पेन थांबलं. "का?"

"सहा मिलिमीटरचा फरक पडत होता."

"मालकांनी सांगितलं होतं?"

"मालकांनी मागून हो म्हटलं. आधी मी नाही म्हटलं. सही माझी आहे. वही बाईंच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात."

तपासनीसाने तीन ओळी लिहिल्या, सावकाश, आणि वाचून दाखवल्या. मिलिमीटरनी एक दुरुस्ती सांगितली: चकती आठ नव्हे, सहा मिलिमीटरची होती. तपासनीसाने खोडून सहा केलं.

यात काही मोठेपणा नव्हता. चुकीचा आकडा समोर लिहिला जात असताना गप्प बसायची मिलिमीटरना सवयच नव्हती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ती लागणं कठीण होतं.

धाकट्या मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काका, तुम्ही म्हणजे सोन्याचा माणूस." गेल्या दहा वर्षांतलं त्यांचं हे पहिलं कौतुक. बाईंनी माईकची वायर गुंडाळली, बॅगेत टाकली, परत काढून पुन्हा गुंडाळली. जाताना त्या मिलिमीटरना एवढंच म्हणाल्या, "एक शब्द बोलायचा नव्हता, काका. एकच." आणि त्या दिवसानंतर पंपावर त्या आल्या नाहीत. पत्रव्यवहार शिपायामार्फत झाला.

घरात बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"चौतीस वर्षांत एकदा तरी अंदाजे बोलायचं होतंत."

"वहीत होतं सगळं."

"वही कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. तुमच्या तोंडाला लावायला काय झालं होतं?"

मिलिमीटर जेवत राहिले.

"आणि ते गेल्यावर कशाला आपटत होतात? कुणाला ऐकवत होतात?" ती थांबली. "मला वाटायचं, मला उठवायला."

त्यावर त्यांनी मान वर केली. तसं ते नव्हतं. तसं सांगितलं असतं तर निदान तिला बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

समितीची बैठक अठरा मिनिटं चालली. अहवाल वाचला गेला. हानी 'कर्मचाऱ्याच्या लेखी नकारामुळे' झाली, त्यामुळे निधी लागू नाही. माती चार मीटरपर्यंत दूषित, इमारतीच्या खालीही. प्रस्ताव मागे घेण्यात आला. हरकत कुणाची नव्हती. घड्याळ, एक यंत्र, काठी आणि मखमलीवरचे बूट नगरपालिकेच्या संग्रहालयात जातील असं ठरलं. ध्वनिमुद्रणही. काचेच्या पेटीखाली बटण असेल, ते दाबलं की तीन ठोके ऐकू येतील. पाटी मात्र बदलायची ठरली. 'प्रामाणिक' हा शब्द काढून टाकण्यात आला. त्या जागी काय घालायचं यावर एकमत झालं नाही, म्हणून नुसतं 'मोजणीची झीज' राहिलं.

खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायची नोटीस धाकट्या मालकांनी स्वतः आणून दिली. "काका, माझा नाइलाज आहे. तुम्हीच कबूल केलंत ना." नोटिशीत तारखेचा आकडा चुकला होता, एकतीसऐवजी एकवीस. मिलिमीटरनी तो दाखवला. बायकोने कपाळाला हात लावला. दुरुस्त करून नवी नोटीस दुपारी आली.

बायकोने शिवणयंत्र बहिणीकडे हलवलं. तिच्या गॅलरीत आता गणवेशांबरोबर मिलिमीटरचे शर्टही वाळत होते. न्हाव्याने दुकान उघडायची वेळ सव्वासहावर नेली, काही कारण न देता. टॅक्सीवाले दुसऱ्या पंपावर जाऊ लागले. एकाने जाता जाता गाडी हळू केली आणि काच खाली घेतली. "काय मिलिमीटर, सापडला का तळ?" मग त्याला काय बोललो ते उमगलं असावं, कारण काच वर गेली.

शेवटी विचारपूस केली ती तपासनीसाने. खोदकाम पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होणार होतं. तोवर आवारात चार बोअर राहणार होते, आणि जमिनीखालच्या पाण्यावर पेट्रोलचा थर किती जाड आहे, ते रोज सकाळी मोजायचं होतं. यासाठी रोजंदारीवर माणूस हवा होता.

"तुम्ही कराल?" त्याने फोनवर विचारलं.

"मला का विचारताय?"

"मिलिमीटरपर्यंत वाचणारा माणूस पाहिजे. आणि जसं असेल तसं सांगणारा. असे फार नसतात."

मिलिमीटरनी हो म्हटलं. बायको म्हणाली, "म्हणजे पाडेपर्यंत मोजत बसणार." ते म्हणाले, "एकतीस तारखेपर्यंत."

तपासनीसाने सामान पाठवून दिलं. एक पांढरी टेप, पेस्टची नळी, चार रकान्यांचे छापील कागद आणि एक पानी सूचना. मिलिमीटरनी सूचना दोनदा वाचली आणि खाली सही केली.

उद्या सकाळी सहा वाजता पहिलं वाचन बोअर क्रमांक एकचं आहे, ऑफिसच्या भिंतीलगतचं. टेपच्या टोकाला रबरी गोळा आहे, आणि सूचनेतल्या चौथ्या कलमानुसार तो तळाला टेकवायचा नाही.